क्रूर माणूस ओळखता येतो का?

मोठ्या अत्याचाराची बातमी ऐकली की आपण आधी विचारतो, असं करणारी माणसं असतात तरी कशी? त्या प्रश्नामागे एक आशा असते. ती माणसं वेगळ्याच घडणीची असावीत, आपल्यासारखी नसावीत.

ही आशा दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या तुरुंगात तपासली गेली. खटल्यासाठी डांबलेल्या नाझी नेत्यांना डग्लस केली आणि गुस्ताव गिल्बर्ट या तज्ज्ञांनी शाईच्या डागांची रोर्शाख चाचणी दिली. दोघांचं एकमत झालं नाही. गिल्बर्टना त्यांच्यात विकृती दिसली. केलींच्या मते अशी माणसं कुठल्याही देशात सापडली असती. १९७६ मध्ये मॉली हॅरोवर यांनी त्या चाचणीतली काही उत्तरं नावं झाकून, इतरांच्या उत्तरांत मिसळून जाणकारांपुढे ठेवली. नाझी कोणते, हे त्यांना ओळखता आलं नाही.

आता पोलंडमधल्या युझेफुफला चला. १३ जुलै १९४२ ची पहाट. नाझी जर्मनीच्या राखीव पोलीस बटालियन १०१ मध्ये जेमतेम पाचशे माणसं. बहुतेक हॅम्बुर्ग भागातली, मध्यमवयीन, कष्टकरी, बायकामुलं असलेली. मेजर विल्हेल्म ट्राप याने रडवेल्या आवाजात हुकूम सांगितला: कामाला उपयोगी पडतील ते ज्यू पुरुष बाजूला काढा, बाकी बायका, मुलं, म्हातारे सगळ्यांना गोळ्या घाला. मग म्हणाला, तुमच्यातल्या वयस्कांपैकी ज्याला हे जमणार नाही, त्याने पुढे यावं. एक जण पुढे आला. त्याचा कंपनीप्रमुख त्याच्यावर भडकला. ट्रापने प्रमुखालाच थांबवलं. त्यानंतर आणखी दहा-बारा जण बाहेर पडले. बाकीचे रांगेतच राहिले. रात्र होईपर्यंत सुमारे दीड हजार ज्यू मारले गेले.

इतिहासकार क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी या माणसांचे युद्धानंतरचे जबाब तपासले. त्यांतल्या काहींना धास्ती होती ती सोबत्यांची: आपल्याला भेकड म्हणतील. मला यापेक्षा भयंकर काही ठाऊक नाही. ज्या कारणासाठी माणूस लग्नात न आवडणारा आहेर करतो, त्याच कारणासाठी इथे लेकरांवर बंदूक रोखली गेली.

स्वभावाचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमच्या प्रसिद्ध प्रयोगात हुकूम पाळून दुसऱ्या माणसाला शेवटपर्यंत विजेचे झटके देणाऱ्यांत अधिकाराला शरण जाण्याची वृत्ती काहीशी जास्त आढळली. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. एका मांडणीत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. दुसऱ्या मांडणीत शेजारच्या दोन साथीदारांनी मध्येच नकार दिला. तेव्हा ४० पैकी चौघेच शेवटापर्यंत पोचले. आसपासच्या नकाराने एवढा फरक पडला!

म्हणून मुलांच्या स्वभावाची चिंता करणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे. वर्गात एखाद्याला सगळे मिळून छळत असताना आपलं मूल कुठे उभं होतं, हे त्याला विचारा. आणि ते एकटं विरोधात उभं राहिलं असेल, तर घरी त्याला ‘तुला काय पडलंय?’ असं म्हणू नका.