कर्णबधिरांची शाळा : सोयी आणि त्यांचा उपयोग



कर्णबधिर मुलांच्या शाळेची पाहणी करावयाची झाल्यास सामान्यतः इमारत, बाके, वसतिगृह आणि भोजनगृह पाहिले जाते. या गोष्टी आवश्यक आहेतच. परंतु येथील सोयींची खरी कसोटी निराळी आहे. शाळेत जे सांगितले जाते ते मुलापर्यंत पोहोचते काय, आणि मुलाला जे सांगावयाचे आहे ते कोणाला समजते काय, ही ती कसोटी होय.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाचे वाचेचे अवयव बहुधा निर्दोष असतात. शब्द कानी पडत नाहीत म्हणून बोलणे येत नाही. ‘मूकबधिर’ हा शब्द मागे पडून ‘कर्णबधिर’ हा शब्द रूढ झाला तो यामुळेच. मात्र हानी केवळ बोलण्याची होत नाही. भाषा आत्मसात करण्याची पहिली वर्षे हातची गेली, तर वाचन, लेखन आणि गणित या सर्वांचाच पाया कच्चा राहतो.

काही सोयींना खर्च जवळजवळ नाही. मुले अर्धवर्तुळात बसली म्हणजे प्रत्येकास शिक्षकाचा व सोबत्यांचा चेहरा दिसतो. शिक्षक खिडकीकडे पाठ करून उभे राहिल्यास चेहऱ्यावर सावली पडते. फळ्याकडे तोंड करून बोलल्यास ओठ दिसत नाहीत.

श्रवणयंत्राविषयीही एक गैरसमज आढळतो. यंत्र आवाज वाढविते. त्यात पंख्याची घरघर आणि खोलीतील प्रतिध्वनीही वाढतात. म्हणून पडदे व सतरंज्या या वर्गात शोभेच्या वस्तू नव्हेत. वाढत्या वयाबरोबर कान वाढतो आणि कानातील साचा सैल होऊन यंत्र शिट्टीसारखा आवाज करू लागते. केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेतून गरजूंना यंत्रे मिळतात. परंतु साचा बदलला नाही किंवा बॅटरी संपली, तर कानावरील यंत्र निरुपयोगी ठरते. यास्तव दररोज सकाळी यंत्रांची तपासणी व्हावयास हवी.

केवळ यंत्रावर विसंबून मात्र चालत नाही. १८८० मध्ये मिलान येथील परिषदेने वाचापद्धतीचा पुरस्कार केला आणि त्यानंतर दीर्घकाळ अनेक देशांतील शाळांतून हातांची भाषा दूर ठेवली गेली. आता दृष्टी बदलली आहे. २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत स्थापन झाले. २०२१ मध्ये या भाषेच्या कोशाने दहा हजार शब्दांचा टप्पा गाठला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्याची तरतूद आहे. ही भाषा वसतिगृहातील स्वयंपाकी व काळजीवाहकांनाही यावयास हवी. मध्यरात्री पोट दुखू लागलेल्या मुलाने ते सांगावे कोणाला? आगीची घंटाही त्याला ऐकू येणार नाही. तेथे लुकलुकणारा दिवाच हवा.

सुसज्ज शाळाही उशिरा आलेल्या मुलाची गेलेली वर्षे परत देऊ शकत नाही. श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाययोजना सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाच्या तपासणीचा समावेश आहे. तरीही ‘याचे आजोबाही उशिराच बोलले’ असे म्हणून घरोघरी वाट पाहिली जाते. येथे अंगणवाडी सेविका आणि पंचायत सदस्य यांचा शब्द मोलाचा ठरतो. किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलास सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे, हेही पालकांना सांगावयास हवे.

पुढील भेटीत अधिकाऱ्यांनी साठा नोंदवहीत यंत्रांची संख्या अवश्य पाहावी. त्यानंतर वर्गात जाऊन त्यांपैकी किती यंत्रे त्या दिवशी चालू आहेत, तेही मोजावे.