सातेरी, संकासुर आणि उत्क्रांती



सृष्टी कशी झाली, या प्रश्नाला आपल्या गोव्यात अनेक उत्तरे आहेत. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि ही भूमी वर आली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पेडणे-डिचोलीच्या गावांत भूमी हीच देवी आहे. सातेरी म्हणून आपण वारुळाला हात जोडतो. १६१६ साली गोव्यात छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी बायबलमधली सृष्टीकथा मराठी ओवीत सांगितली. डार्विनचा ग्रंथ आला तो १८५९ साली, म्हणजे त्यानंतर २४३ वर्षांनी. कथा आधीपासून घरात आहे आणि विज्ञान मागाहून आले आहे. त्यामुळे वर्गात प्रश्न उठणारच.

हा वाद जुना झालेला नाही. जानेवारी २०१८मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत सांगितले की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, म्हणून डार्विन चूक. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याला विरोध केला. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. बारावीच्या जीवशास्त्रात तो राहिला. जो विद्यार्थी जीवशास्त्र घेणार नाही, त्याला हा विषय शाळेत भेटेलच असे नाही. मग त्याला तो कोण सांगणार? मला वाटते, इथे भाषेच्या शिक्षकाचे काम सुरू होते.

कारण या भांडणातला बराच भाग शब्दांनी उभा केलेला आहे. ‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्य आपण सर्रास बोलतो. त्यावर एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो, ‘सर, मग माकडे अजून कशी उरली?’ प्रश्न रास्त आहे. वाक्य चुकीचे आहे. विज्ञान म्हणते, माणूस आणि आजची माकडे यांचे फार पूर्वीचे पूर्वज एक होते. चुलत भाऊ एकमेकांपासून जन्मत नाहीत, त्यांचे आजोबा एक असतात. आपल्या गावच्या वंशावळी तोंडपाठ असलेल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये.

‘उत्क्रांती’ हा शब्दही तपासून पाहा. ‘उत्’ म्हणजे वर. शब्द ऐकताच डोळ्यांसमोर शिडी येते: खाली मासा, वरच्या पायरीवर माणूस. संस्कृतात तर प्राण देह सोडून जातो त्यालाही उत्क्रांती म्हणतात. डार्विनने मांडलेले चित्र शिडीचे नाही, फांद्या फुटत जाणाऱ्या झाडाचे आहे. शब्द आता रुळला आहे, तो बदला असे मी म्हणणार नाही. पण शिकवताना शिडी पुसून झाड काढावे.

ही शिडी मनात असल्यामुळेच ‘मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह: आमच्या दशावतारात डार्विन आधीच होता’ हे बोलणे पटते. असे म्हणणाऱ्यांचा हेतू पुष्कळदा अभिमानाचा असतो. पण पेडण्यातला दशावतारी काला ज्यांनी रात्रभर बसून पाहिला आहे, त्यांनी आठवून पाहावे. रंगमंचावर संकासुर येतो, तो वेद चोरणारा. विष्णू त्याला मारून वेद परत आणतो. इथे चिंता ज्ञान हरवण्याची आहे, मासा पाण्याबाहेर कसा आला याची नाही. त्या कथेला जीवशास्त्राचा धडा करायचा तर संकासुरच गाळावा लागेल. असे केल्याने विज्ञानाला पुरावा मिळत नाही आणि कथा मात्र रोडावते.

उलट बाजूनेही तसेच. वारूळ मुंग्यांचे म्हणतात; ते बांधते वाळवी, आणि वाळवी कुळाने झुरळाच्या जवळची आहे. हे कळले म्हणून सातेरीपुढचा हात खाली येत नाही. डिचोली तालुक्यात शिरगावला लईराईचे देऊळ आहे आणि लोहखनिजाच्या खाणीही आहेत. भूशास्त्राच्या ग्रंथांत इथल्या खडकांच्या एका समूहाला ‘डिचोली’ हेच नाव आहे. हे खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे. समुद्रात विरघळलेल्या लोहाचे थर तळाशी साचत गेले, आणि त्यात प्राणवायू सोडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा वाटा होता असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. होमकुंड तुडवणाऱ्या धोंडाला हे सांगायला काय हरकत आहे? भूमी माता आहे हे तो जाणतोच. तिचे वय त्याला कळेल.

दोन्ही गोष्टी एका डोक्यात राहू शकतात, याचे उदाहरण गोव्यातच जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. जनुकांमधली अंतरे मोजण्याचे त्यांचे सूत्र आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. याच कोसंबींनी गावोगाव पायी फिरून मातृदेवतांची ठाणी अभ्यासली. दैवतकथेत त्यांनी माणसांचा इतिहास शोधला. तिला प्रयोगशाळेचा दाखला मागितला नाही, आणि तिची टिंगलही केली नाही.

लेखक-शिक्षकांना माझी विनंती एवढीच. कथा सांगताना ‘असे मानतात’ म्हणा आणि ती पूर्ण सांगा. विज्ञान सांगताना ‘असे आढळले आहे’ म्हणा आणि कशावरून आढळले तेही सांगा. ही दोन क्रियापदे मराठीत वेगळी आहेत. ती वेगळी ठेवली, तर मुलाला देऊळ आणि प्रयोगशाळा यांतून एकच निवडण्याची सक्ती होणार नाही, आणि एकाच्या जागी दुसरे ठेवण्याची चूकही त्याच्याकडून होणार नाही.