उल्हासनगरचा वर्धापनदिन



ठाणे जिल्ह्यातील जुन्या नगरांना जन्मतारीख नाही. कल्याणचा उल्लेख कान्हेरीच्या शिलालेखांत आढळतो, ठाण्याचा शिलाहारांच्या ताम्रपटांत; परंतु अमुक दिवशी ही नगरे वसली, असे कोणास सांगता येणार नाही. उल्हासनगरचे तसे नाही. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी येथे कोनशिला बसविली आणि तोवर ‘कल्याण कॅम्प’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीस जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीचे नाव लाभले. हाच दिवस वर्धापनदिन म्हणून पाळला जातो. 2024 मध्ये त्यास 75 वर्षे पूर्ण झाली.

माणसे मात्र कोनशिलेच्या आधीच आली होती. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने उभारलेल्या बराकी युद्ध संपताच ओस पडल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे आसरा देण्यात आला. त्यांतील पुष्कळ कुटुंबे कराचीहून आगबोटीने मुंबईस उतरली होती. पंजाब आणि बंगाल यांचा निदान एकेक भाग भारतात राहिला. सिंध प्रांत समग्र पलीकडे गेला. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सुमारे 1 लाख लोकांची अवस्था उमगते. परतण्यास गाव नव्हते, आणि आपल्या भाषेचा म्हणावा असा मुलूखही उरला नव्हता. एकेका बराकीत अनेक बिऱ्हाडे राहिली. घरी लाटलेले पापड आणि मुरविलेली लोणची विकून पुष्कळांनी संसार सावरला. लाकडी सामान व तयार कपडे यांच्या बाजारपेठा मागाहून आल्या. छावणी केव्हाच संपली; ‘कॅम्प नंबर 1’ ते ‘5’ मात्र पत्त्यांत अद्याप टिकून आहेत. राजाजींनी दिलेल्या नावापेक्षा लष्करी क्रमांकच टपालवाल्यास अधिक उपयोगी पडत असावेत!

1996 मध्ये नगराची महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 5 लाखांवर भरली. क्षेत्र मात्र जेमतेम 13 चौरस किलोमीटर. बराकींच्या जागी मजल्यांवर मजले चढले, त्यांतील कित्येक परवानगीवाचून. 2006 मध्ये या एकाच शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्यास स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही मे 2021 मध्ये दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवासी प्राणांस मुकले. ज्या घरातील आजोबा एकदा सर्वस्व सोडून आले, त्या घरातील नातवास ‘इमारत रिकामी करा’ असे सांगणे सोपे नाही. पर्यायी निवाऱ्याची सोय दाखविल्याशिवाय तो हलणार कसा? अशा नोटिसा पावसाळ्याच्या तोंडावर निघतात. वर्धापनदिन येतो तो ऐन पावसाळ्यात.