घराचं विसर्जन कुठे होणार?



पेणकरांना गणपतीच्या मूर्तीविषयी मी काय सांगावं? शाडूची माती गुजरातेतून येते, मूर्ती जड होते, वाळायला वेळ घेते. प्लास्टर म्हणजे भाजलेलं जिप्सम. हलकं, स्वस्त, पण विसर्जनानंतर पाण्यात तसंच राहतं. म्हणजे माती कुठली इथपासून विसर्जनापर्यंत सगळं तुम्ही विचारता. मग घर बांधताना का विचारत नाही? घराचंही विसर्जन होतंच. पन्नास वर्षांनी ते पडेल, तेव्हा डेब्रिज कुठल्या खाडीत टाकणार?

सिमेंट घ्या. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड त्या दगडातूनच बाहेर पडतो. जळणाचा धूर वेगळा. भट्टी उद्या उन्हाच्या विजेवर चालवली तरी हे 44 किलो चुकत नाहीत. म्हणून डोलवीच्या पोलाद कारखान्यातल्या भट्टीचा स्लॅग, म्हणजे लोखंड वितळवताना उरणारी मळी, मोलाचा. भारतीय मानकाप्रमाणे स्लॅग सिमेंटमध्ये तो 25 ते 70 टक्के चालतो. तेवढी चुनखडी भाजणं वाचतं. आता त्या भट्टीत जळलेला कोळसा पोलादाच्या खाती मांडायचा की स्लॅगच्याही? यावर तज्ज्ञांत मोठा वाद आहे, पण घड्याळ पुढे चाललंय.

जांभ्याचा चिरा भाजावा लागत नाही, खाणीतून कापून काढतात. छान! पण तो रत्नागिरीहून ट्रकने आला, तर डिझेल धरा. आपल्याकडची वीट जवळची, भाताच्या तुसावरही भाजते. पण तिची माती कुणाच्या तरी शेतातून उचललेली असते. म्हणजे दुकानातला भाव हा पुरा हिशोब नव्हे. आणण्यापासून विसर्जनापर्यंत मोजा.

विजेचंही तेच. भिऱ्याचं पाण्यावर चालणारं वीजघर 1927 पासूनचं. धूर नाही, आणि त्याचं पाणी कुंडलिकेतून रोह्याला येतं. पण त्या पाण्यासाठी बांधलेल्या धरणाखाली मुळशीची गावं गेली, त्याविरुद्ध 1921 साली सत्याग्रह झाला. धूर दिसत नाही म्हणून ते खातं कोरं नाही.

वेळ संपत आली. रोह्या-पेणच्या मंडळींनो, सिमेंटच्या गोणीवर प्रकार छापलेला असतो, तो वाचून घ्या. आणि जुनं घर पाडताना आधी कौलं, वासे, चिरे नीट उतरवा. कौल एकदा भाजून झालंय. तेच पुन्हा चढवलंत, तर त्यासाठी नवी भट्टी पेटवावी लागणार नाही.