आधी श्वास, मग हातपाय

पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकलून द्यायचं, ही आपल्याकडची पोहायला शिकवण्याची जुनी तऱ्हा. त्यातून कितीतरी जण पट्टीचे पोहणारे झाले. काहींनी मात्र पाण्याचा धसका घेतला, तो कायमचाच.

भीती वाटत असेल तर कमरेइतक्या पाण्यात, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, काठ धरून उभे राहा. तोंडानं श्वास घ्या, चेहरा बुडवा आणि नाकातोंडानं सावकाश बुडबुडे सोडा. घाबरलेला माणूस पाण्यात श्वास कोंडून धरतो. मग वर आल्यावर एकाच क्षणात सोडायचाही असतो आणि घ्यायचाही. तिथेच त्याची दमछाक होते. हे बुडबुडे सोडणं अंगवळणी पडेपर्यंत हातपाय मारायची घाई नको.

मग तरंगणं. छातीत हवा भरलेली असली की बहुतेकांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. गुडघे पोटाशी धरून पाहा, पाठ आपोआप वर येते. बुडायचं म्हटलं तरी बुडवत नाही! उताणं तरंगताना कान पाण्यात जाऊ द्या, कारण डोकं उचललं की पाय खाली जातात. आणि हो, पुन्हा उभं राहायला आधीच शिका: गुडघे पोटाशी घ्या, हातांनी पाणी खाली दाबा, पाय तळाला टेकवा.