चित्रकथांतील महानायक व त्यांचे कारागीर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस पाचारण केले, तेव्हा आम्ही महागाई भत्त्यावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असणार. कामगार संघटनेत ज्याचे आयुष्य गेले त्याने दुसरे काय बोलावे? परंतु आम्ही विषय कळविला तो कॉमिकचा. अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालून इमारतींवरून उड्या मारणाऱ्या वीरांचा आणि ते वीर कागदावर उतरविणाऱ्या चित्रकारांचा. हा पोरखेळ आहे असे काहींना वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. जे काही शिकलो ते गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयांत. तेथे एक सवय मात्र पक्की जडली. कोणतीही वस्तू हाती आली की चार प्रश्न विचारावयाचे : ही कोणी बनविली, किती वेळात बनविली, कोणत्या दराने बनविली आणि नफा कोणाच्या घरी गेला? कापडाला आम्ही हे प्रश्न विचारतो, बिडीला विचारतो, मग मुलांच्या हातातल्या रंगीत पुस्तकाला का विचारू नयेत?

हे पुस्तक आपल्याकडे कसे आले ते आधी पाहू. टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि ते मराठीतही निघू लागले. त्यातला वेताळ हा अमेरिकेतील ली फॉक यांच्या लेखणीतून १९३६ साली जन्मलेला. आमच्या पिढीच्या मुलांनी ही पुस्तके भाड्याने आणली, पाने सुटेपर्यंत वाचली. १९७६ साली त्याच मालिकेत ‘बहादूर’ आला. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. डाकूचा मुलगा, अंगात कुडता, खाली जीन्सची विजार, आणि काम डाकूंशीच लढण्याचे. परदेशी वेताळाच्या शेजारी आपल्या मातीतला माणूस उभा राहिला. १९९० साली इंद्रजाल बंद पडले. तोपर्यंत दिल्लीच्या राज कॉमिक्सचा नागराज पोरांच्या मनावर राज्य करू लागला होता.

आता या वस्तूची घडण पाहा. ३२ पानांचे पुस्तक, पानाला पाच-सहा चौकटी धरा, म्हणजे दीडशे ते दोनशे चित्रे झाली. एकाच माणसाचा चेहरा दोनशे वेळा काढावयाचा, कधी समोरून, कधी पाठीमागून, कधी उंचावरून पडताना. आणि प्रत्येक वेळी वाचकाने त्याला ओळखले पाहिजे. लेखक संहिता देतो. एक जण पेन्सिलीने आराखडा काढतो, दुसरा त्यावर शाई फिरवितो, तिसरा फुग्यांतली अक्षरे लिहितो, चौथा रंग भरतो. मग छापखान्यात निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाया एकावर एक चढतात. ज्यांनी गिरणी पाहिली आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. पिंजणखाते, कताईखाते, विणाईखाते, तशीच ही खाती. आणि या धंद्यात मोबदला पुष्कळदा पानावर मोजला जातो. आपण ज्याला नगावरची मजुरी म्हणतो तीच ही.

या कामात मराठी हात किती होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. अकराव्या क्रमांकाला ‘कृष्ण’ आला, आणि तो चितारला राम वाईरकर यांनी. गोवर्धन उचलणारा तो बालक हा आमच्या मते या देशातल्या छापील चित्रकथेचा पहिला महानायक. त्याच वाईरकरांनी पुढे ‘टिंकल’ मासिकात सुपंडीला चेहरा दिला. कृष्ण आणि सुपंडी, एक सर्व जाणणारा, दुसरा काहीच न जाणणारा, दोघेही एकाच हाताचे! वाईरकर २००३ साली गेले. सुपंडीचे काम त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी पुढे चालविले. त्याच मासिकातला शिकारी शंभू, ज्याचे डोळे टोपीखाली कायमचे झाकलेले, तो वसंत हळबे यांनी काढला. अमर चित्रकथेचे ४२ भागांचे महाभारत चितारले दिलीप कदम यांनी. राज कॉमिक्सचा भोकाल हा तलवारधारी वीरही कदमांच्या स्टुडिओतला.

आणि नागराज? त्याची पहिली कथा परशुराम शर्मांनी लिहिली आणि चित्रे काढली पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. हेच मुळीक अमर चित्रकथेत पौराणिक पुरुष काढीत असत. पौराणिक चित्रांत मुरलेला हात हिरव्या कांतीच्या, मनगटातून साप सोडणाऱ्या वीराकडे वळला, म्हणूनच नागराज अमेरिकेच्या नकलेसारखा न दिसता आपल्या देवळाच्या भिंतीवरून उतरल्यासारखा दिसला. संजय अष्टपुरे हेही त्या कामातले. पुढच्या अंकांवर मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे अशी नावे आढळतात, आणि एक नाव नुसतेच ‘चंदू’. हजेरीपटावर हंगामी कामगाराचे पहिलेच नाव लिहितात, तसे.

नागराजाची कथा आमच्या विषयाला धरून आहे. प्रोफेसर नागमणी नावाचा इसम त्याला तयार करतो ते दहशतवाद्यांना भाड्याने देण्यासाठी. त्याच्या डोक्यात एक यंत्र बसविलेले असते, म्हणून तो हुकमाचा ताबेदार. बाबा गोरखनाथ ते यंत्र काढतात आणि मग नागराज स्वतःचा मालक होतो. म्हणजे हा वीर मुळात भाड्याचा मजूर, आणि त्याचे पहिले पराक्रमाचे काम म्हणजे त्याची सुटका. परंतु कागदावरच्या मजुराची सुटका करणे सोपे असते. कागदाबाहेर काय घडले त्याकरिता अमेरिकेकडे वळावे लागते, कारण तेथले हिशेब कोर्टात उघड झाले आहेत.

क्लीव्हलंड शहरात जेरी सीगल आणि जो शुस्टर नावाचे दोन गरीब ज्यू तरुण होते. एक लिहिणारा, दुसरा काढणारा. १९३८ साली त्यांचा सुपरमॅन प्रसिद्ध झाला. त्याचे सर्व हक्क कंपनीने १३० डॉलरला घेतले. पुढे सुपरमॅनची पुस्तके, नभोवाणी, चित्रपट, खेळणी यांवर कोट्यवधींची उलाढाल झाली. हे दोघे १९४७ साली कोर्टात गेले; थोडी रक्कम घेऊन तडजोड झाली आणि पुस्तकावरचे नावही गेले. शुस्टरची दृष्टी अधू झाली. १९७५ साली, सुपरमॅनचा मोठा चित्रपट निघणार असे कळल्यावर सीगलने वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे दोन चित्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, व्यंगचित्रकारांची संघटना उभी राहिली, लोकमत खवळले. तेव्हा कंपनीने दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर देण्याचे आणि नाव पुन्हा छापण्याचे मान्य केले. कोर्टात जे मिळाले नाही ते एकीने मिळाले! आणि गंमत पाहा : १३० डॉलरची ती रक्कम ज्या चेकमध्ये होती, तो जुना चेक २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला.

दुसरे उदाहरण जॅक कर्बी यांचे. हल्क, थॉर, कॅप्टन अमेरिका यांच्या रूपामागे त्यांचा हात. चेकच्या पाठीवर हक्क सोडल्याचा मजकूर छापलेला असे. सही केल्याशिवाय पैसे मिळत नसत. घरात पोरेबाळे असताना तो मजकूर वाचून चेक परत करणारा चित्रकार कोठे सापडणार? स्वतःच्या हाताने काढलेली मूळ पाने परत मिळविण्यासाठीच कर्बींना वर्षानुवर्षे भांडावे लागले. १९८७ साली हजारो पानांपैकी सुमारे दोन हजार तेवढी परत आली. बॅटमॅनचे सहनिर्माते बिल फिंगर १९७४ साली वारले. त्यांचे नाव अधिकृतपणे लागले ते २०१५ साली, मृत्यूनंतर ४१ वर्षांनी.

येथे कोणी म्हणेल, ‘अहो, अजिंठ्याच्या चित्रकारांनी कोठे नावे घातली? आपली परंपरा अनामिक राहण्याची आहे.’ हा युक्तिवाद आम्ही पुष्कळ ऐकला आहे, आणि तो बहुधा नाव न छापणाऱ्याच्याच तोंडून. परंपरा पाहावयाचीच तर पूर्ण पाहू. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर लेख कोरलेला आहे की, हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. एकट्यादुकट्याचे नाव नसेल, पण कारागिरांच्या समूहाने आपली निशाणी दगडात ठेवली आहे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण व्याजाने ठेवल्याचा लेख आहे. ज्यांच्याकडे राजाचा जावई ठेव ठेवी, ते कारागीर अनामिक असतील, असंघटित खासच नव्हते. आणि अजिंठ्याच्या भिंतीवर कोणी मालकी हक्काची मोहोर मारून दरसाल नफा उचलला नाही. चित्रकार अनामिक आणि मालक मात्र नावानिशी, ही तऱ्हा जुन्या परंपरेतली नव्हे.

आपला कायदा काय सांगतो? १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो की, नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, मालक. परंतु त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही ‘हे माझे काम आहे’ असे सांगण्याचा आणि त्याची मोडतोड थांबविण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प सरकारने १९७९ साली काढून टाकले. ते कोर्टात गेले, आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष परत करून पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम सरकारला केला. कलम ५३-अ आणखी एक गोष्ट सांगते. मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला त्यात वाटा मिळू शकतो, कमाल दहा टक्के. अट एवढीच की हक्काचा पहिला मालक तो स्वतः असला पाहिजे. कायदा आहे. तो ठाऊक नसणे आणि एकट्याने भांडावे लागणे, ही खरी अडचण आहे.

घरी बसून काम करणारा कामगार नव्हे, असेही म्हटले जाते. आपल्या विदर्भात घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईविषयी हेच म्हटले जाई. पाने, तंबाखू कारखानदाराची, दर कारखानदाराचा, माल नापास करणारा तोच, आणि तरी ती म्हणे ‘स्वतंत्र धंदेवाईक’! १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले. तो कायदा पुढे २०२० च्या संहितेत सामावला गेला, पण तत्त्व एकदा मान्य झाले ते झाले. संहिता दुसऱ्याची, मुदत दुसऱ्याची, पानाचा दर दुसऱ्याने ठरविलेला. मग चित्रकाराची स्थिती किती निराळी?

संघटना हा उपाय सोपा नाही, हेही सांगितले पाहिजे. नील ॲडम्स यांनी १९७८ साली चित्रकारांचा संघ काढण्याची खटपट केली, ती फसली. जो तो आपल्या घरी, आपल्या टेबलाशी. गेट नाही, तर गेटसभा कोठे भरवावी? १९९२ साली काही नामवंत चित्रकार मोठी कंपनी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘इमेज’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली; तेथे हक्क निर्मात्याचाच. फार चांगले झाले. आणि २०२१ साली त्याच इमेजच्या कचेरीतल्या नोकरांनी आपली युनियन बांधली! आम्हांस यात विसंगती दिसत नाही. काल अन्याय सोसलेला माणूस आज मालक झाला म्हणून त्याच्याकडे काम करणाऱ्याला संघटनेची गरज उरत नाही, असे थोडेच आहे?

आता नवे यंत्र आले आहे. चार शब्द टाइप करा, चित्र तयार. हे यंत्र शिकले कशावर? माणसांनी काढलेल्या असंख्य चित्रांवर. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील तीन चित्रकारांनी याविरुद्ध फिर्याद गुदरली. यंत्राला आमचा विरोध नाही. मागाला विरोध करून विणकर वाचला नाही. आमचा प्रश्न तोच : कच्चा माल कोणाचा, तो विचारून घेतला का, आणि दाम कोणाला मिळाले?

हा वर्धा जिल्हा आहे. येथे १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि हाताचे काम हेच शिक्षणाचे माध्यम व्हावे, असा विचार देशापुढे मांडला गेला. हाताला मान देण्याची गोष्ट ज्या गावाने साऱ्या देशाला सांगितली, तेथल्या नागरिकांकडे आम्ही चार लहान मागण्या ठेवतो. मुलाला चित्रकथा घ्याल तेव्हा पहिले पान उघडून चित्रकाराचे नाव त्याला मोठ्याने वाचावयास लावा. वाचनालयाच्या नोंदवहीत लेखकाच्या शेजारी चित्रकाराचाही रकाना असू द्या. गावात स्मरणिका, दिवाळी अंक किंवा शाळेचे वार्षिक निघेल, तेव्हा चित्र काढणाऱ्याचे नाव छापा आणि त्याचा मोबदला आधी ठरवा. आणि आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी चित्रकार होऊ म्हणाली, तर तिला रंगपेटीबरोबर एक गोष्ट शिकवा : कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद वाचावा, आणि एकटीने न वाचता आपल्यासारख्या चौघांबरोबर वाचावा.