थेंब किती टाकायचे?

आज बचतीचं बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज थेंबाचं बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, थेंबाचं काय बोलायचं ताई? तर आधी माझी चूक ऐका.

दोन वर्षांपूर्वी, फवारणीच्या दिवसांत, आमच्या एका गटातली सून माझ्याकडे आली. पाळी चुकली होती. आशाताईंनी दिलेलं निश्चय किट तिनं घरीच वापरलं होतं. थेंब मोजण्याऐवजी वाटीतली लघवी सरळ किटवर ओतली. रेघ एकही उमटली नाही. मला विचारलं, तर मी बी.ए. झालेली, मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, "रेघ नाही म्हणजे काही नाही." ती पुढे महिनाभर फवारणीसाठी पाणी वाहत राहिली, ड्रममध्ये औषध कालवत राहिली, तेही उघड्या हातानं. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं किती घरं उघडी पडली, ते तुम्हाला मी काय सांगू! मग दवाखान्यात कळलं, तिला तिसरा महिना होता. बाळ सुखरूप झालं. पण माझी झोप उडाली, आणि मी त्या किटचा कागद पहिल्यांदा नीट वाचला.

आता बघा, किटमध्ये ना मोटर, ना सेल. मग लघवी पट्टीवर पुढे सरकते कशी? दिव्याच्या वातीत तेल चढतं, तशीच. भांड्यातलं पाणी वजनानं खाली धावतं. पण केसासारख्या बारीक वाटेत वजनाचं काही चालत नाही, तिथे ओढ चालते. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, म्हणून अळूच्या पानावर थेंब गोल राहतो. पण जी वस्तू पाण्याला आवडते, तिला ते चिकटून वर चढतं. एक मिलिमीटर रुंद काचेच्या नळीत पाणी आपोआप सुमारे तीन सेंटिमीटर चढतं. नळी दहापट बारीक केली, तर तीस सेंटिमीटर. वाट जितकी अरुंद, तितकी चढाई जास्त. आपल्या काळ्या मातीतही हेच होतं. खालची ओल बारीक वाटांनी वर येते आणि उन्हात उडून जाते. डवरणी केली की त्या वाटा तुटतात. बापाला हे शाळेत कोणी शिकवलं नव्हतं, तरी तो पाऊस उघडला की डवरा जुंपायचाच.

"आवडते" म्हटलं, त्याचा पुरावा आपल्या घरातच आहे. शेतातून वेचलेला कापूस पाण्यात टाका, तो तरंगत राहील. त्याच्या धाग्यावर मेणासारखा पातळ थर असतो, पाण्याला तो आवडत नाही. तेलाला मात्र चालतो, म्हणून त्याच कापसाची वात दिव्यात जळते. दवाखान्यातला कापूस धुऊन मेण काढलेला असतो, तो लगेच पाणी पितो. आणि गंमत अशी, की किटमधली पांढरी पट्टी ज्या पदार्थापासून होते, तो सेल्युलोज म्हणजे आपल्या कापसाचाच मुख्य पदार्थ. त्यावर उमटणारी लालसर रेघ बहुतेक किटमध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची असते. पांढऱ्या सोन्यावर खरं सोनं!

पट्टीच्या सुरुवातीला हे रंगीत कण वाळवून ठेवलेले असतात. लघवी त्यांना भिजवून सोबत घेऊन निघते. गरोदरपणात लघवीत एक संप्रेरक येतं. ते असेल, तर कण टी या खुणेपाशी अडकतात. बाकीचे पुढे सी या खुणेपाशी अडकतात. म्हणजे सी ची रेघ गरोदरपण सांगत नाही, पाणी वाटेनं नीट चालत आलं एवढंच सांगते. माझी चूक इथेच झाली. सी ची रेघच नव्हती, म्हणजे उत्तर "नाही" नव्हतं, उत्तर आलंच नव्हतं.

आणि जास्त ओतलं तर काय बिघडतं? नदीला पूर आला की पाणी पात्र सोडून शेतातून धावतं, तसं होतं. लघवी पट्टीच्या आतून न जाता वरून वाहते आणि रंग भलतीकडे नेते. कमी पडली, तर मध्येच थांबते. म्हणून पाकिटावर जेवढे लिहिले असतील तेवढेच थेंब, किटसोबतच्या ड्रॉपरनं. भांडं स्वच्छ आणि कोरडं हवं. साबण राहिला, तर पाण्याच्या कणांची ती पकडच सैल होते. पाकीट वेळेवरच फोडा, पावसाळ्याची दमट हवा पट्टी खराब करते. चुलीजवळच्या फळीवर तर ठेवूच नका. सकाळची पहिली लघवी घ्या. घड्याळ बघून, सांगितलेल्या वेळेतच रेघ वाचा. सकाळचं किट संध्याकाळी उचलून पाहिलं, तर वाळल्यावर फिकट करडी रेघ दिसू शकते, तिच्यावर पेढे वाटू नका.

सी ची रेघ नाही, तर नवं किट. सी आली, टी नाही, आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा तपासा आणि नर्सताईंना भेटा. तोवर फवारणीच्या ड्रमपासून लांब राहा. घरात कोणी कुरकुरलं, तर माझं नाव सांगा.

या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक गटानं थोडा घरचा कापूस, थोडा दवाखान्यातला कापूस आणि दोन वाट्या आणायच्या. एका वाटीत पाणी, एकीत तेल. कोणता कापूस कुठे पितो, ते आपण सगळ्या मिळून पाहू.